नैरोबीचा ४६ नंबर मटाटू : सात आठवडे, रोज दोन फेऱ्या, एकही तिकीट नाही

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेतीन स्टार, आणि पाऊस असेल त्या दिवशी दीड. आता बाकीचं वाचायचं असेल तर वाचा, लांबलचक आहे.

मी सांगलीकडची, शाळेत गणित शिकवते, आणि ह्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सात आठवडे केनियात नैरोबीला व्हॉलंटियर म्हणून गेले होते, कावांगवारे नावाच्या वस्तीतल्या एका छोट्या शाळेत. व्हॉलंटियरिंगबद्दल लोक लिहितात तेव्हा मुलांबरोबरचे फोटो, सूर्यास्त, आणि "मी त्यांना काय दिलं त्यापेक्षा त्यांनीच मला जास्त दिलं" असं काहीतरी असतं. ते मी लिहिणार नाही. मी लिहिणार आहे रोज सकाळी सव्वासातला आणि दुपारी चारला ज्या गाडीत बसायचे तिच्याबद्दल, कारण खरं सांगायचं तर सात आठवड्यांत नैरोबी मला जेवढी कळली तेवढी त्या गाडीतच कळली, आणि माझे वडील, अण्णा, एस.टी.त ३१ वर्षं कंडक्टर होते त्यामुळे बसच्या बाबतीत आमच्या घरात कुणालाच गप्प बसता येत नाही.

आधी ज्यांच्यामार्फत गेले त्यांच्याबद्दल दोन ओळी, नाव घेणार नाही. पैसे घेतले तेव्हा माहितीपत्रकात "लोकल ट्रान्सपोर्ट सपोर्ट" असं ठळक अक्षरात छापलेलं होतं. मला वाटलं पास असेल, निदान पहिल्या दिवशी कुणीतरी सोबत येईल. प्रत्यक्षात सपोर्ट म्हणजे एक चिठ्ठी निघाली, तिच्यावर पेननं लिहिलेलं, "४६ पकडा, शेवटी उतरा." बास. गंमत म्हणजे ही सूचना शंभर टक्के बरोबर होती, त्यात वाढवण्यासारखं खरंच काही नव्हतं, पण तेवढ्यासाठी पॅकेज कशाला. अजून एक, ते आधी म्हणाले टुरिस्ट परवानगीवर या चालतंय. नाही चालत. पगार नसला तरी काम ते काम, त्यासाठी स्पेशल पास (थोड्या मुदतीचा कामाचा परवाना) लागतो, तो मी भांडून करून घेतला आणि त्यासाठी दोनदा गावात, म्हणजे शहराच्या मध्यभागी, न्यायो हाउस ह्या सरकारी ऑफिसात जावं लागलं. जाणाऱ्यांनी हे आधी विचारा, आणि पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, तो दाखला परत भारतात उतरताना बघतात.

तर गाडी.

मटाटू म्हणजे खाजगी सिटी बस समजा. दोन प्रकार, एक चौदा सीटची व्हॅन, आपल्याकडची वडाप, म्हणजे खाजगी शेअर जीप, जशी असते त्यातलीच पण जरा बरी, आणि दुसरी तेहतीस-बिहतीस सीटची मिनीबस. अंगावर चारी बाजूंनी पिवळा पट्टा असतो. स्वाहिलीत तीनला "टाटू" म्हणतात, फार पूर्वी भाडं तीन नाणी होतं म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. सरकारी बस मोडीत निघाली म्हणून हे आलं असं मला वाटलेलं पण तसं नाही, हे आधीपासूनच चोरून चालायचं आणि १९७३ साली अध्यक्ष जोमो केन्याटांनी सांगितलं की लायसन्स नसलं तरी चालवू द्या, तेव्हापासून उघड झालं. अण्णांना हे फोनवर सांगितलं तर ते एकदम गंभीर झाले. "म्हंजे वडापवाल्यांनी अख्खं महामंडळच खाल्लं म्हण की." आमच्या अण्णांच्या आयुष्यातला मोठा शत्रू म्हणजे वडाप, स्टँडच्या दारात उभं राहून पॅसेंजर पळवणारी, त्यामुळे पोरगी परदेशात जाऊन रोज वडापनं जाते हे त्यांना शेवटपर्यंत नीट पचलं नाही.

माझं घर हर्लिंगहॅमला, म्हणजे गाव आणि कावांगवारेच्या मधे. ४६ गावातनं, म्हणजे शहराच्या मधल्या बाजारपेठेतनं (सीबीडी) सुटते, हर्लिंगहॅम, याया सेंटर, व्हॅली आर्केड करत कावांगवारेला जाते. हा नंबर इतका मुरलाय की शेवटच्या स्टॉपच्या भागालाच लोक "फोर्टी सिक्स" म्हणतात. "कुठं राहतोस?" "फोर्टी सिक्सला." आणि त्याच वस्तीत दुसरीकडे एक "फिफ्टी सिक्स" पण आहे. बसच्या नंबरावरनं गल्लीचं नाव पडणं हे मी आधी कुठं पाहिलं नव्हतं, आपल्याकडं उलटं, गावाच्या नावाची पाटी बसला लागते.

माझं नशीब असं की मी गर्दीच्या उलट दिशेनं जायचे. सकाळी सगळं कावांगवारे गावाकडं निघालेलं असतं, गाडीनं आणि त्याहून जास्त पायी, रस्त्याच्या कडेनं इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं ओळीनं भराभरा चालत असतात, भाडं वाचतं म्हणून. आणि मी रिकाम्या गाडीत ऐटीत खिडकीला. ड्रायव्हरला परत जाऊन गिऱ्हाईक भरायचं असतं म्हणून तो उलटी फेरी विमान चालवल्यासारखी मारतो, वीस मिनिटांत कावांगवारे. मी ज्या भाड्यात जायचे, तीस-चाळीस शिलिंग, त्याच अंतराला समोरनं येणारे सत्तर देत असायचे. शिलिंग म्हणजे आपले साधारण साठ-सत्तर पैसे धरा.

हो, भाडं ठरलेलं नसतं. हे पचायला मला आठवडा लागला. सकाळी वेगळं, दुपारी वेगळं, संध्याकाळी वेगळं, आणि ढग आले की वेगळं. एप्रिल-मे म्हणजे तिथला मोठा पावसाळा. स्पेशल पाससाठी गावात गेले होते त्या दिवशी साडेपाचला आभाळ फुटलं, केनकॉमच्या स्टेजवर (स्टॉपला तिथं स्टेज म्हणतात) पन्नासचं भाडं डोळ्यांदेखत ऐंशी झालं, मग शंभर, मी पर्समधे हात घालेपर्यंत दीडशे. कंडक्टर दारात उभा राहून ओरडतोय, त्याला लाज नाही आणि लोकांना राग नाही, सगळे आपले मुकाट्यानं चढतायत. मी मास्तरणीच्या आवाजात म्हटलं, पाच मिनिटांपूर्वी पन्नास होते ना? तो म्हणाला, "मॅडम, पाच मिनिटांपूर्वी पाऊस नव्हता." आता ह्याला काय उत्तर देणार. चार किलोमीटरला एक तास दहा मिनिटं लागली, तो दीड स्टार त्या दिवसाचा.

पण हे असं का ते नंतर शाळेतल्या एका सरांनी सांगितलं, त्यांचा भाऊ ड्रायव्हर होता. गाडी मालकाची. ड्रायव्हर-कंडक्टरला रोजचा टार्गेट, इतके हजार शिलिंग संध्याकाळी मालकाच्या हातात, डिझेल वेगळं, आणि त्याच्यावर जे उरेल ते दोघांचं. पगार असा नाहीच. म्हणजे गाडी भरल्याशिवाय हलत नाही, भरली की मग कुणाच्या बापाला ऐकत नाही, मधल्या रस्त्यात रिकामी सीट दिसली की दोनशे मीटर रिव्हर्स घेईल पण पॅसेंजर सोडणार नाही, ह्या सगळ्याची मुळं तिथं आहेत. अण्णांचा पगार गाडी रिकामी गेली तरी व्हायचा, त्यामुळे ते आरामात पान लावायचे आणि म्हातारीला चढायला हात द्यायचे. मटाटूतला पण देतो हात, पण दुसऱ्या हातानं तो गाडीच्या टपावर थापा मारत असतो. हीच डबल बेल. एक थाप थांब, दोन थापा चल. घंटीची दोरी नाही, बटण नाही, तळहात आणि पत्रा. काही जण नाण्यानं वाजवतात, टण टण, त्याचा आवाज मात्र अगदी आपल्या बेलसारखा येतो.

गाड्या सगळ्या "साको"च्या असतात हे सांगायचं राहिलं. साको म्हणजे बचत आणि कर्ज देणारी सहकारी संस्था, थोडक्यात पतसंस्था! २०१० नंतर एकट्यादुकट्या मालकाला गाडी चालवता येत नाही, कुठल्यातरी साकोत नाहीतर कंपनीत असावंच लागतं. सांगलीच्या माणसाला सहकार समजावून सांगायची गरज नाही, मी दाराच्या बाजूला संस्थेचं नाव रंगवलेलं बघितलं आणि लगेच विचारलं चेअरमन कोण, निवडणूक कधी असते, पॅनल किती. ते सर इतके हसले.

आता मुख्य तक्रार. तिकीट नाही. सात आठवड्यांत मला कुणी एक चिटोरं दिलं नाही. पैसे कधी घेणार ते पण त्याच्या मर्जीवर, बसल्या बसल्या घेईल किंवा अर्ध्या वाटेत मागनं खांद्यावर दोन बोटांनी टकटक करेल. हा टकटक म्हणजे "भाडं". बोलत नाही. तुम्ही नोट मागं द्यायची, ती चार अनोळखी हातांतनं जाते आणि सुट्टे चार अनोळखी हातांतनं परत येतात, आणि येतात बरं का. एकदाही पैसे मधल्या मधे गेले नाहीत. फक्त सुट्टे लगेच मिळतीलच असं नाही. एस.टी.त कंडक्टर तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतो आणि उतरताना आपण ते दाखवून घेतो (किंवा विसरतो, आणि मग घरी गेल्यावर हळहळतो), इथं तिकीटच नाही तर लिहिणार कशावर, सगळं त्याच्या डोक्यात. चौदा माणसं, कोण कुठं चढलं, कुणी शंभरची दिली, कुणी पन्नासची, कुणाचे वीस राहिले. मी गणिताची शिक्षिका असून मला जमलं नसतं. एकदा त्यानं माझ्याकडं आणि शेजारच्या बाईकडं बोट करून एक शंभरची नोट माझ्या हातात ठेवली आणि उतरून गेला, म्हणजे ही तुम्हा दोघींची मिळून बाकी, आता तुमचं तुम्ही बघा. मग आम्ही दोघी अनोळखी बायका फोर्टी सिक्सला उतरून एका भाजीवालीकडनं नोट मोडून घेऊन निम्मे निम्मे वाटून घेतले, त्यासाठी दोघींना उगीच टोमॅटो घ्यावे लागले, त्या बाईशी पुढं माझी चांगली ओळख झाली.

अण्णांचा रोजचा प्रश्न एकच. "आज तरी दिलं का गं तिकीट?" "नाही अण्णा." "मग चेकिंग आलं तर?" "चेकिंगच नसतं." मग फोनवर बराच वेळ शांतता.

बायकांना अर्धं तिकीट वगैरे पण नाही अर्थातच. आपल्याकडं २०२३ पासून एस.टी.त निम्म्या भाड्यात फिरायची सवय लागलीय, तिथं पूर्ण द्यायला सुरवातीला जिवावर यायचं.

सुट्ट्या पैशांवर तोडगा एम-पेसा. ह्यावर खरं तर वेगळा रिव्ह्यू लिहायला पाहिजे. पेसा म्हणजे पैसाच, आणि एम म्हणजे मोबाईल. २००७ साली चालू झालं, आपलं यूपीआय यायच्या नऊ वर्षं आधी, आणि साध्या बटणांच्या फोनवर चालतं, इंटरनेट लागत नाही. पासपोर्ट दाखवून सिम घेतलं की झालं. भाजीवाली, शेंगदाणेवाला, शाळेची फी, विजेच्या मीटरचं टोकन (तिथं बऱ्याच घरांत वीज आधी पैसे भरून मिळते, आकडे टाईप करायचे की लाईट येते), सगळं त्याच्यावर. हे व्होडाफोननं भारतात पण आणलं होतं, काही चाललं नाही, बंद झालं. वाईट एकच, आपल्यासारखं फुकट नाही, शंभर शिलिंगच्या वर पाठवायला चार्ज लागतो, आणि यूपीआयनं आपल्याला इतकं लाडावून ठेवलंय की पाच-दहा शिलिंग कापलेले बघून पण जीव जळतो.

आता भाषा. शाळेत सगळे इंग्रजीत बोलतात, गाडीत फारसं कुणी नाही. गाडीत चालते स्वाहिली आणि तिच्यातनं निघालेली शेंग, म्हणजे पोरांची रस्त्यावरची भाषा, तिच्यात आकडे पण वेगळे. वीस म्हणजे "म्बाव", शंभर म्हणजे "सो". मी पुस्तकातनं स्वाहिलीचे आकडे पाठ करून गेले होते, ते गाडीत निरुपयोगी. पण स्वाहिली आपल्याला परकी वाटत नाही हे पण खरं. गाडीला गारी, दुकानाला डुका, गोणीला गुनिया, चपातीला चपातीच. जिऱ्याला जिरा म्हटल्यावर तर मी त्या बाईला टाळीच दिली. आणि मक्याला म्हणतात माहिंदी, आणि भारतीय माणसाला म्हिंदी. पहिल्या आठवड्यात स्टेजवर कुणीतरी "माहिंदी! माहिंदी!" ओरडला आणि मी वळून बघितलं, तर तो कणसं विकत होता. निखाऱ्यावर भाजलेलं, लिंबू आणि तिखट-मीठ चोळलेलं, आपल्याकडं पावसाळ्यात घाटात मिळतं अगदी तसं. चार वाजता गाडी भरायची वाट बघत कणीस खात बसणे हा माझा तिथला सगळ्यात सुखाचा वेळ, ह्यातला एक अख्खा स्टार कणसाचा आहे हे कबूल करते.

वेळेचा घोटाळा मात्र सांगितला पाहिजे, म्हणजे तुमचा होणार नाही. दुसऱ्या आठवड्यात शाळेतल्या मावशींनी सांगितलं, उद्या पालकांची मीटिंग आहे, "सा टाटू ना नुसु". सा म्हणजे वाजले, टाटू म्हणजे तीन (मटाटूमुळं पक्कं झालेलं), ना म्हणजे आणि, नुसु म्हणजे अर्धा. साडेतीन! मला इतका अभिमान वाटला, कुणाला न विचारता कळलं. दुसऱ्या दिवशी शाळा मुलांना नव्हती म्हणून मी सकाळी कपडे धुतले, आरामात जेवले, तीनला ४६ पकडली, आणि पोचले तर शाळेला कुलूप. स्वाहिलीत तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे दुसरा. साडेतीन म्हणजे सकाळचे साडेनऊ. केनिया विषुववृत्तावर आहे, सूर्य बारा महिने साधारण साडेसहाच्या आसपास उगवतो, त्यामुळे त्यांचं हे गणित बरोबर बसतं, चुकलं ते माझंच. परत जाताना कंडक्टरनं मला ओळखलं, इतक्यात परत? मी सांगितलं काय झालं ते. अख्खी गाडी म्हणाली "पोलेऽऽ". पोले म्हणजे सॉरी नाही, अरेरे. तुम्ही ठेचकाळलात, शिंकलात, गाडी चुकली, की न ओळखणारी माणसं सुद्धा पोले म्हणतात. मला हा शब्द इकडं आणायचाय, पण सांगलीत कुणी ठेचकाळलं की आधी "बघून चालाय येत न्हाई व्हय" येतं, त्यामुळे कठीण आहे.

स्वच्छता, सीट वगैरे. चौदा सीटच्या गाडीत चौदाच माणसं बसवायची असा कडक नियम २००४ मधे आला, मंत्री होते जॉन मिचुकी, सीटबेल्ट, वेगाला मर्यादा, तो पिवळा पट्टा, सगळं त्यांनीच आणलं आणि लोक अजून "मिचुकी रूल्स" असंच म्हणतात. दिवसा बऱ्यापैकी पाळतात. अंधार पडला की दोन सीटच्या मधे एक फळी येते, आणि त्या फळीवर पंधरावा बसतो. बेल्ट असतात, काही लागतात, काही नुसते मांडीवर ठेवायचे. पोलीस दिसला की कंडक्टर आत बघतो आणि सगळे शिस्तीत मांडीवर घेतात, मी पण घ्यायचे. माझा गुडघा सात आठवड्यांत पुढच्या सीटच्या लोखंडाला घासून काळानिळा झालाय, उंच माणसांनी ड्रायव्हरशेजारची सीट पकडावी.

गाणी मोठ्यानं असतात. आमची ४६ त्या मानानं सोज्वळ, खरा थाट बघायचा तर रोंगाईच्या १२५ च्या गाड्या. त्यांना "न्गान्या" म्हणतात. एका रविवारी मी फक्त गाडी बघायला म्हणून रोंगाईला जाऊन आले, घरातल्या बाकीच्या व्हॉलंटियर पोरी सफारीला गेल्या होत्या तेव्हा. बाहेरनं फुटबॉलपटूंची आणि गायकांची चित्रं, आत निळे-जांभळे दिवे, टीव्हीचे पडदे, आणि स्पीकर असा की बरगड्यांत बेस वाजतो. पोरं एक गाडी सोडून मागची पकडतात, का तर मागची नवीन रंगवलीय. आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना आणि डीजेवाल्यांना एकत्र बसवून कुणी सिटी बस काढायला सांगितली तर हेच होईल. उतरल्यावर दोन तास कान वाजत होते. पाचपैकी पाच, पण परत नाही.

खाण्याचं गाडीत काही नाही, पण फोर्टी सिक्सच्या स्टेजला लागून किबांडा आहेत, पत्र्याच्या टपऱ्या. मी रोज दुपारी एकाच ठिकाणी, चपाती आणि न्डेंगू. न्डेंगू म्हणजे आपले हिरवे मूग, रस्सा करून. चपाती जाडजूड, पदर सुटलेली, तेलात न्हालेली, आमच्या आईच्या भाषेत "पराठ्याची मावशी". वर कच्चा कांदा-टोमॅटो, त्याला काचुम्बारी म्हणतात, म्हणजे कोशिंबीरच, फक्त दही आणि कूट नाही. आईनं दिलेली शेंगादाण्याची चटणी मी एकदा डब्यातनं नेली, टपरीवालीनं चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं ती कुठाय. (चटणी आईनं चार प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधली होती, त्या मी निघताना काढून डबे केले, केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिक कॅरीबॅगवर बंदी आहे आणि तिथं ती बंदी खरंच आहे, आपल्यासारखी ड्रॉवरमधनं हळूच काढून देत नाहीत.)

आता सुरक्षितता, बायका हे विचारतातच म्हणून. दिवसा मला एकदाही भीती वाटली नाही. फोन मात्र खिडकीशी धरायचा नाही, सिग्नलला बाहेरनं हात येतो आणि फोन जातो, माझ्या पुढच्या सीटवरच्या मुलाचा गेला, दोन सेकंद, तो मुलगा मोकळ्या हाताकडं बघत बसला आणि गाडी म्हणाली पोले. कंडक्टर स्वतः सांगतो खिडकी लावा. रात्री आठनंतर मी ४६ नं गेले नाही, टॅक्सी घेतली. आणि गावातल्या स्टेजवर पहिल्यांदा जात असाल तर कुणी बॅग उचलून "या या मॅडम" करत नेलं तर जाऊ नका, नंबर स्वतः वाचा. नकाशा लागत असेल तर गुगलवर मटाटूचे रूट दिसतात, नैरोबी विद्यापीठ आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी फोन घेऊन गाड्यांत बसून बसून १३० च्या वर रूट नोंदवले, २०१४ मधे नकाशा काढला, आणि नंतर ते गुगलवर आलं. पण गाडी त्या रूटनं जाईलच असं नाही, पुढं जॅम दिसला की ड्रायव्हर कुणाच्यातरी अंगणातनं घालतो.

१ जूनला अण्णांचा सकाळी सकाळी फोन. "आज एस.टी.चा वाढदिवस, माहीत हाय न्हवं?" माहीत कसं नसेल, १ जून १९४८, पुणे-नगर पहिली गाडी, आमच्याकडं ह्या दिवशी शिरा होतो. मी म्हटलं अण्णा, इथं पण सुट्टी आहे, माडाराका डे, १९६३ मधे ह्याच दिवशी केनियाला स्वराज्य मिळालं. "बघ," म्हणाले, जणू त्यांनीच ठरवून दिलं होतं. त्या दिवशी रस्ते मोकळे, भाडं वीस, म्हणजे म्बाव, आणि मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावून (खिडकी बंद करून) पूर्ण गाडी दाखवली. कंडक्टरला सांगितलं माझे वडील पण तुझंच काम करायचे. तो कॅमेऱ्यात तोंड घालून म्हणाला, "बॉस! टार्गेट किती होतं?" मी भाषांतर केलं. अण्णा विचारात पडले. मग म्हणाले, "सांग त्याला, आमाला टार्गेट न्हवतं, हिशेब हुता." हे मला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही.

तर कुणी घ्यावी ४६? तुमचं काम कावांगवारेकडं असेल आणि घर हर्लिंगहॅम-यायाच्या बाजूला, तर डोळे झाकून. उलट असेल, म्हणजे रोज सकाळी गावात जायचं असेल, तर सहाच्या आधी निघा नाहीतर चालायची तयारी ठेवा. वीसची नाणी आणि पन्नासच्या नोटा जवळ ठेवा, चढायच्या आधी भाडं विचारा, आणि उतरायच्या एक स्टेज आधी "शुकिशा" म्हणून ओरडा, हळू आवाजात म्हटलं तर गाणी ऐकू देत नाहीत, मी पहिल्या दिवशी तशीच दोन स्टेज पुढं गेले होते.

परत आल्यावर अण्णांनी पहिलं काय मागितलं असेल, तिकीट. त्यांच्याकडं जुन्या तिकिटांची एक वही आहे, चिकटवलेली. मी म्हटलं तिकीट नाही पण पुरावा आहे, आणि फोनमधला एम-पेसाचा मेसेज दाखवला, एका दिवशी सुट्टे नव्हते म्हणून पाठवलेले चाळीस शिलिंग, तारीख, वेळ, कुणाला मिळाले त्याचं नाव, चार्ज शून्य, सगळं आहे त्यात. अण्णांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, बोट त्या नावावर ठेवलं.

"ह्यो कोण? साको?"

"नाही अण्णा, हा तो कंडक्टर."

"म्हंजे पैसे डेपोत गेलेच न्हाईत?"